अंधारीच्या दारापर्यंत

१ जानेवारी १९३७, शुक्रवार
कॉलेजला नेहमीची शुक्रवारची सुट्टी. संकल्प: 'दौलताबादचा वेढा' हे पुस्तक यंदा पुरे करणे. नऊ भाग तयार. राहिला अंधारीचा. डोंगरात कोरलेली ही काळोखी वाट. तिच्यातून गेल्याशिवाय किल्ल्याच्या माथ्यावर पोचता येत नाही. शत्रूला ती पार करणे अशक्य होते, ही माझी थिअरी. आत अजून गेलेलो नाही. पुढच्या शुक्रवारी जाणे.
पुस्तक झाले की युनिव्हर्सिटीत रीडरची जागा, म्हणजे हैदराबाद. इथे इंटरच्या पोरांना तेच ते शिकवून डोके बधिर झाले आहे. हिने शेजारीपाजारी सांगूनही टाकले.

८ जानेवारी, शुक्रवार
निघालो. वाटेत गार वारा. शिंक आली. परतलो. प्रकृती जपणे हाही संशोधनाचाच भाग.

१५ जानेवारी, शुक्रवार
अंधारीच्या दारापर्यंत पोचलो. आतून वटवाघळांचा वास. बाहेरून सविस्तर निरीक्षण केले.
सासूबाई दरवर्षी जनार्दनस्वामींच्या दर्शनाला किल्ल्यावर जातात, गुडघे धरून का होईना. त्यांना विचारले, अंधारीत काय काय दिसते? म्हणाल्या, "दिसतंय काय तिथं? देवाचं नाव घ्यायचं नि चालायचं." उपयुक्त माहिती शून्य.

४ फेब्रुवारी, गुरुवार
मोठी बातमी. हैदराबादहून प्रोफेसर राहत हुसेनसाहेब येत आहेत. रीडर तेच निवडणार. उमेदवार दोन, मी आणि आमच्याच डिपार्टमेंटचा कय्युम. कय्युमने आजवर एक ओळ लिहिलेली नाही. सुट्टी मिळाली की कुठल्या तरी किल्ल्यावर असतो. याला संशोधन म्हणत नाहीत, भटकणे म्हणतात.
साहेबांना वेढा प्रत्यक्ष जागेवर समजून घ्यायचा आहे, आणि तोही माझ्याकडून. जागा खिशात. हिने शिरा केला आणि वरची भांडी पोत्यात बांधायला घेतली.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार, सायंकाळ
यशस्वी दिवस. अंधारीच्या दारापर्यंत वेढा असा रंगवला की साहेब दोनदा 'बहोत खूब' म्हणाले. मशालवाला आत शिरला. मी पाय उचलला. पाय उचलला गेला नाही. माझाच पाय, पण ऐकेना. सदरा घामाने भिजला. साहेबांना म्हटले, आपण व्हा पुढे, तोफांचा मारा कुठून होत असेल ते मी इथून पाहतो. बरोबर आलेला कय्युम त्यांना घेऊन गेला. मी दारातल्या दगडावर बसून राहिलो. मुंग्या पाहिल्या.
बऱ्याच वेळाने दोघे हसत खाली आले. साहेबांनी फार मायेने माझ्या तब्येतीची चौकशी केली. लक्षण चांगले आहे.
शिवाय थिअरीला पुरावा मिळाला. वेढ्याचा एवढा अभ्यास केलेला माणूससुद्धा आत शिरू शकत नाही, तिथे शत्रूची काय कथा! तळटीप टाकणे.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार
कय्युमला हैदराबादचे पत्र आले. मला नाही. टपालखात्याचा गोंधळ असणार.
हिने पोते सोडून भांडी परत फळीवर लावली. आवाज बराच वेळ येत होता. मला काही वाटले नाही.

५ मार्च, शुक्रवार
कय्युमला पोचवायला स्टेशनवर गेलो. गाडी हलली तेव्हा त्याने खिडकीतून आपली बॅटरी माझ्या हातात दिली. हळूच म्हणाला, "भाईजान, अंदर कुच नै है. सिर्फ अंधेरा है."
अभिनंदन करायचे राहिले. वाईट वाटायला हवे होते, तेही वाटले नाही.
घरी आल्यावर ही म्हणाली, बॅटरी आहे, सुट्टी आहे, जाऊन का येत नाही एकदा? म्हटले, आधी पूर्वतयारी. न्हाणीघरात गेलो. दार लावले. बॅटरी पेटवली, उत्तम चालते. मग विझवली.
हिने बाहेरून विचारले, आत काय चाललंय? म्हटले, दहावा भाग.
कडी सापडेना. हिला हाक मारली. तिने बाहेरून दार ढकलले. कडी मी लावलीच नव्हती.