चालत्या जहाजाचा पार्ट

अप्पा, आमच्या कंपनीत हल्ली विमानवाहू युद्धनौकांचीही कामं येतात. तुम्ही गोदीत ज्या जहाजावर जन्मभर फिटर होतात, ते बॉयलरवर चालायचं. सध्या माझ्याकडे ज्याचं काम आहे, ते अणुशक्तीवर चालतं; एकदा इंधन भरलं की वर्षानुवर्षं बघायला नको. पण एखादा व्हॉल्व्ह गेला आणि तो बनवणारा कारखाना कधीचाच बंद पडलेला असला, की एवढं थोरलं धूड धक्क्याला बांधून ठेवतात. मग जुनी ड्रॉइंग्ज माझ्या टेबलावर येतात. फ्रँकफर्टबाहेरच्या एका झोपाळू गावात बसून मी त्या जहाजाचे स्पेअर पार्ट जुळवते. जहाज मी अजून पाहिलेलं नाही. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात.

गेल्या आठवड्यात गिऱ्हाइकाने विचारलं, नवीन व्हॉल्व्ह बनायला इतका वेळ लागणार असेल, तर याच जातीच्या दुसऱ्या, नव्या जहाजाचा काढून या जुन्याला बसवला तर? साहेब त्याच्या जर्मनमध्ये म्हणाला, "म्हणजे, बसतो ना? मग तसं कळव." बसतो. मी कळवून टाकलं, आणि नंतर नुसती बसून राहिले, कारण मला आपल्या क्वार्टर्समधलं स्वयंपाकघर दिसायला लागलं होतं. तुम्ही स्टुलावर बसला आहात. किडन्या गेल्यात, दिवसभराचं पाणी एका तांब्यात मोजून ठेवलंय आणि तुम्ही ते वाटीने घोट घोट पिताय. आई पोळ्या लाटतेय. मी नुकतीच इंजिनीअर झालेय आणि तुम्हाला सांगतेय, की डॉक्टर म्हणाले, माझी किडनी तुम्हाला चालेल. तुम्ही वाटी खाली ठेवता. "भंगारात निघालेल्या जहाजासाठी चालत्या जहाजाचा पार्ट काढत नाहीत. गोदीत हेच शिकलो मी." मी म्हणते, "अप्पा, तुम्ही काय जहाज आहात?" तुम्ही ओरडता, "मला अक्कल शिकवू नकोस. पुन्हा हा विषय काढलास तर जेवणार नाही मी." आईची पोळी करपते. तुमचा हट्ट मला ठाऊक होता, मी विषय काढला नाही. त्याच वर्षी तुम्ही गेलात. त्या वाक्याचा मला फार अभिमान होता, अप्पा. आला-गेला, ज्याला त्याला सांगत आलेय मी ते.

आता माझ्याही किडन्या गेल्यात. ब्लड प्रेशरने, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला जाते. त्या मशीनमध्येही पंप आहे, व्हॉल्व्ह आहेत. मी पडल्यापडल्या त्यांच्याकडे बघत राहते. भीती वाटत नाही, रडू येत नाही, काहीच होत नाही. पाणी मीसुद्धा वाटीनेच पिते.

रविवारी लेक आला. पंचविशीचा झालाय, उंचीला तुमच्यावर गेलाय. मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. मी पोहे परतत होते, तर पाठीमागून म्हणाला, "आई, टेस्ट करून घेतल्या मी. एस पास्ट." जुळतंय, म्हणजे बसतंय. मी विचारलं, "आणि नोकरीचं काय?" तो म्हणाला, "रजा घेईन ना." जसं काही गावाला जायचंय. इथे किडनी द्यायची तर आधी एक समिती बसते. ती त्याला एकट्याला बसवून विचारणार, कुणी दबाव आणला का म्हणून. नाहीच आणला कुणी. मी गॅस बारीक केला, पोह्यांवर झाकण ठेवलं आणि म्हणाले, "बरं." तो हसला, आणि टेबलावर बशा मांडायला लागला.

हे पत्र तुम्हाला कुठे धाडायचं नाहीये, ते एका परीने बरंच आहे. मला जगायचंय, अप्पा. तुमचं वाक्य मला तोंडपाठ होतं, अगदी ओठांवर होतं. मी ते म्हटलं नाही.