पापड लाल का झाले

३ मार्च, सोम.
क्लासचा तिसरा दिवस. धुळ्यात वाचनालयाच्या वरच्या खोलीत. धंद्याचा फोन, पत्र, मेसेज कसा करायचा ते शिकवतात. नववीतून शाळा सुटली तरी मला घेतलं. मॅडमनी काहीतरी विचारलं, मी मान खाली. रागावल्या नाहीत. फळ्यावर लिहिलं, 'उत्तर देण्याआधी विचारा, हे कशावरून?' वहीत उतरवलं.

५ मार्च, बुध.
पुण्याच्या एका ताईंचा मेसेज. पापड तळले की लाल होतात. आमच्या पापडाच्या कामात मेसेज आणि पार्सल माझ्याकडे. समोर बोलावं लागत नाही म्हणून.
मालकीण आशाअक्का भडकली. "खार जास्त पडना! हाई रुखसानानंच काम शे. माफी लिखी टाक. आनि तिले सांगी दे, आते येऊ नको."
रुखसानाखाला नवीन. सोनगीरहून येते, पीठ तीच भिजवते. लाटणं खाली ठेवून तिनं हात पुसले.
माफी लिहायला घेतली. बोट पुढे जाईना.

६ मार्च
मॅडमना चिठ्ठीवर सगळं लिहून दिलं. त्या हळूच म्हणाल्या, "त्याच पिठाचे पापड उरलेत ना? तळून बघ की."
एवढं सोपं!

७ मार्च, शुक्र.
खाला मजुरीचे पैसे घ्यायला आलेली. अक्काला सांगितलं, आधी तळून बघू. तोंडानं. आवाज एवढासा.
"तुले बोलता येस का वं?" सगळ्या हसल्या. मीपण.
त्याच पिठाचे चार तळले. पांढरेशुभ्र. अक्कानं एक मोडून खाल्ला. मग, "रुखसाना, पीठ भिजव." खालाचा रोजा, म्हणून तिनं एक पापड कागदात बांधून घेतला. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला.
अक्का मात्र, "मंग लाल कसा व्हयना पापड?"

८ मार्च
ताईंकडून पिशवीचा फोटो मागवला. आमच्या प्रत्येक पिशवीवर असते ती तारखेची चिठ्ठीच नाही. म्हणजे विक्रीचे नाहीत, शेजारच्या डब्यातले, अक्काच्या घरचे, मागच्या वर्षीचे. जुना पापड लाल होतो, हे इथं सगळ्यांना माहीत.
पार्सल भरलं कोणी? मी.
खालाचा तो हात...

९ मार्च, रवि.
ताईंना खरं काय ते कळवलं, दुसरे पाठवते म्हटलं. लगेच उत्तर आलं, 'विचारलंस हे बरं केलंस बाळा.' तीनदा वाचलं. देव भलं करो त्यांचं. मॅडमचंपण.
अक्काला मेसेज नाही करणार. उद्या लवकर जाते. खाला सगळ्यांच्या आधी येते. पहिलं तिला सांगेन, मग अक्काला, सगळ्यांसमोर. अक्का मला कामावर ठेवेल की काढेल...
पहिलं वाक्य चारदा म्हणून पाहिलं. अर्ध्यातच अडतं.