आशयाचा रकाना

बाई,

वर्गात असो की घरात, मुलांना मराठी शिकवणाऱ्या आपल्यासारख्या सगळ्या बायकांची एक तक्रार सारखीच असते: मुलं वाचत नाहीत. मी ती कर्जतपासून कोपरगावपर्यंत व्यासपीठांवरून केली आहे, टाळ्याही घेतल्या आहेत. आज ती तुमच्याविरुद्ध करायची आहे. तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली, पण माझा राग अजून ताजा आहे.

श्रीरामपूरची आपली आठवी. गोष्ट वाचून झाली की तुम्ही फळ्याकडे वळायचात आणि म्हणायचात, "लिहा, बोध." घंटेच्या आत बोध उतरून झालाच पाहिजे. दोन बहिणींची गोष्ट होती. धाकटी आपल्या बांगड्या थोरलीला देऊन टाकते. बोध होता त्यागाची महती. मी वहीत लिहिलं की धाकटीने बांगड्या मायेने दिल्या नाहीत, थोरलीने जन्मभर दबून राहावं म्हणून दिल्या. तुम्ही मला उभं केलंत. "लेखक तुझ्या कानात येऊन सांगून गेला का गं?" सगळा वर्ग हसला. "विचारलं तेवढंच लिहायचं. उद्या दहावीचा पेपर तपासणाऱ्याला तुझं डोकं नकोय, उत्तर हवंय."

तेवढंच असतं तर मी विसरलेही असते. पण त्याच आठवड्यात तुम्ही मला वह्यांचा गठ्ठा घेऊन घरी बोलावलंत. मी तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. स्टोव्हवर दूध आहे, तुम्ही पाटावर बसून वाचनालयाची कादंबरी वाचताय, आणि दूध उतू जातंय तरी तुमचं लक्ष नाही. "अगं मेले, नको जाऊस परत त्याच्याकडे!" तुम्ही पुस्तकाला ओरडताय. मग मी दिसते. "बघतेस काय? ही बया स्वतःलाच फसवतेय. वर म्हणे, मुलांसाठी जाते. खोटारडी!" बाई, तुम्हाला वाचता येत होतं! पात्राच्या बोलण्यामागचं न बोललेलं ऐकू येत होतं, त्याच्याशी भांडता येत होतं. आणि आम्हा साठ मुलांना तुम्ही काय दिलंत? बोध. पोळ्या स्वतः खाल्ल्यात आणि आमच्या ताटात पोळपाट वाढलात.

या रागावरच मी मोठी झाले. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या शाळेतल्या बाईंनी गाइडमधली उत्तरं वहीत उतरवून घेतलेली पाहिली आणि मी तिला शाळेतून काढून घरीच शिकवायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "लई भाषणं ठोकतीस जगाला शिकवायची, अन् सोताची पोर घरात कोंडतीस व्हय?" मी त्यांनाही भाषण दिलं. पहिलं वर्ष सुंदर गेलं. पोरगी जेवताना वाचायची, केस विंचरून घेताना वाचायची. पुस्तक मिटून तासभर कोणाशी बोलायची नाही. मग मला वाटलं, नुसतं वाचणं पुरे नाही, आता रसग्रहण हवं. तेरा वर्षांची झाली, गोष्ट कशी बांधली आहे ते कळायला हवं. मी जाड वही आणली आणि पट्टीने रकाने आखले: कथानक, पात्रं, वातावरण, निवेदन, भाषा, आशय. प्रत्येक गोष्टीनंतर सहाही रकाने भरायचे.

ती भरत होती. अक्षर छान, वेळेवर, तक्रार नाही. मी खूश होते. गेल्या महिन्यात वही नीट चाळली तेव्हा लक्षात आलं, आशयाच्या रकान्यात सगळीकडे एकच लिहिलं होतं: समाजातील अन्याय. सावत्र आईची गोष्ट, अन्याय. गावातल्या विहिरीची गोष्ट, अन्याय. पावट्याच्या शेतात हरवलेल्या कोंबडीची विनोदी गोष्ट, तिथेही अन्याय!

"कोंबडीवर कसला गं अन्याय?" मी विचारलं.

"मला काय माहीत. तुला तेच लागतं ना?"

"मला लागतं म्हणजे?"

"कुठलंही पुस्तक घेतलं तरी तू शेवटी तिथेच येतेस, आई. मी आता आधी शेवटचा रकाना भरते, मग गोष्ट वाचते. लवकर होतं." आणि वर पाहून म्हणाली, "कधी कधी वाचतही नाही."

तिचे वडील पलीकडे चहा पीत होते. ते म्हणाले, "सभेत लोक टाळ्या वाजवतात, ही रकाने भरते. एकच गोष्ट." मी त्यांच्यावर ओरडले.

बाई, त्या दिवसापासून तिने पुस्तक उचललेलं नाही. केस विंचरताना मोबाईल बघते. मी म्हटलं, रकाने बंद, नुसतं वाच. ती म्हणाली, "आणि मग तू विचारशील." तुम्हाला निदान साठ मुलं होती, पेपर होते, वर तपासायला येणारे साहेब होते. मला एकच पोर होती आणि कोणाचाही धाक नव्हता. तरीही मी फळ्याकडे वळलेच. तुमच्यावरचा राग कमी झालेला नाही, पण आता त्यात मीही वाटेकरी झाले आहे.

तुमच्या लेकीचा पत्ता माझ्याकडे आहे. तिला हे पाठवणार नाही. तिला वाटेल, मेलेल्या माणसावर ही आग पाखडतेय. पाखडतेच आहे. पण जे अजून शिकवत आहेत त्या सगळ्यांना मला एकच सांगायचं आहे: गोष्ट संपली की पहिला प्रश्न मुलाला विचारू द्या, आणि उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा.

काल पोरीने तसा प्रश्न विचारला, भांडी पुसता पुसता, सहज. "आई, ती कोंबडी खरंच हरवली होती, की तिला परत यायचंच नव्हतं?" मी म्हणाले, तुला काय वाटतं ते आधी सांग. फार शहाणं उत्तर दिल्यासारखं म्हणाले. खरं सांगायचं तर ती गोष्ट मी अभ्यासक्रमात घातली, पण शेवटपर्यंत वाचलेलीच नाही.