मागच्या दाराशी रुमाल

प्रिय फूटपट्टी,

कोट उलटा केल्यावर आतल्या खिशात हा कागद तुझ्या हाताला लागला असेल. शिवायला आलेल्या कपड्याचे खिसे तू आधी तपासतोस आणि दुकानात आलेला कपडा कधी परत पाठवत नाहीस, या दोनच गोष्टींच्या भरवशावर मी हा उद्योग केला आहे. पोस्टाने टाकलेली माझी दोन्ही पत्रं न उघडता परत आली. पाकिटावर तुझंच अक्षर, ‘घेणार नाही’, आणि त्याखाली तू कापडावर खडूने मारतोस तशी सरळ रेघ. तेव्हा म्हटलं, मित्र म्हणून दार बंद असेल तर गिऱ्हाईक म्हणून जावं. अस्तराचा टाका खरंच सुटला आहे, तेवढं खोटं नाही. तो घाल, आणि कागद फाडायचाच असेल तर वाचून फाड.

नेत्याविरुद्ध गेलात म्हणून तुम्हा बारा जणांना पक्षातून काढण्याचा ठराव रविवारी सकाळी दहाला येतो आहे, हे तुला कळलं असेलच. बारा नावांत तुझं पहिलं. तू आणि मी एकाच दिवशी सभासद झालो होतो. तुझा क्रमांक माझ्याआधीचा, कारण मी रांगेत मागच्या माणसाशी वाद घालत बसलो होतो, आणि हे तू मला चाळीस वर्षं ऐकवलंस. आता यादीतही तूच आधी. हसू नकोस. मलाही हे लिहिताना हसू आलं आणि मग खोलीत दुसरं कोणीच हसलं नाही, तेव्हा फार विचित्र वाटलं.

कार्यालयात आता दोन बाकं आहेत. खिडकीकडचं आम्हा सिस्टरवाल्यांचं, कपाटाकडचं तुम्हा सबुरीवाल्यांचं. वर्तमानपत्रंही दोन येतात, एकमेकांची वाचलेली चालत नाहीत. चहाच्या मावशी परवा भर बैठकीत ट्रे घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “साखर कुठल्या गटाची घालू तेवढं सांगा, म्हणजे पुन्हा माझ्यावर चौकशी नको.” कोणी हसलं नाही. तू असतास तर हसला असतास, आणि मग दोन्ही बाकांना हसावं लागलं असतं. मी खिडकीकडे बसतो. माझ्याच बाजूचे लोक मला फार मान देतात, उठून जागा देतात, आणि बसलो की बोलणं थांबवतात.

सिस्टरबद्दल मी तुझ्यापुढे लपवाछपवी करणार नाही. तिला विरोधी पक्षनेता करायला मी मत दिलं आणि उद्या पुन्हा मतदान झालं तर पुन्हा तिलाच देईन. अठरा वर्षं दवाखान्याच्या वॉर्डात काढलेली बाई आहे ती. सरकारी दवाखाने विकायला काढले, तेव्हा आपल्या लोकांनी वाटाघाटीची भाषा सुरू केली, आणि ती सभागृहात उभी राहून म्हणाली की एक खाटसुद्धा देणार नाही.  इतकी वर्षं मी पुस्तकांतून जे शोधत होतो ते एका नर्सने चार शब्दांत सांगितलं. तुझं म्हणणं वेगळं होतं. अडून बसलो तर सगळेच दवाखाने जातील, बोललो तर निम्मे तरी वाचतील, आणि त्या निम्म्यांत जी माणसं झोपली आहेत त्यांना आपल्या बाण्याशी देणंघेणं नाही. मी तेव्हा तुला भित्रा म्हणालो. आजही तू चूकच होतास असं मला वाटतं. पण भित्रा नव्हतास. वर्तमानपत्रात स्वतःच्या सहीने नेत्याच्या विरुद्ध लिहिणारा माणूस भित्रा कसा असेल?

ती खरं बोलते, पण खरं बोलताना तिला समोर कोणीतरी आडवं झालेलं लागतं. जखम धुताना झोंबणारच, असं तिचं आवडतं वाक्य आहे. मी विचारलं, धुऊन झाल्यावर पट्टी कधी बांधायची? तेव्हा तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच कपाटाकडच्या बाकावरून उठून आलो होतो.

आता त्या दिवसाबद्दल. तू विसरला नसशील, मी तर रोज आठवतो. आपली रीत किती जुनी. मी बोलणार, तू शेवटच्या रांगेमागे दाराशी उभा राहणार. रुमाल वर केलास की आवाज पोचत नाही. चष्मा पुसायला लागलास की लांबतंय. खाली बसलास की पुरे. लोकांना वाटायचं, हा माणूस जन्मजात वक्ता आहे. त्यांना काय ठाऊक, मी तुझ्या हातातल्या चिंधीवर चाललेला असायचो. भाषण आधी दुकानात तुला म्हणून दाखवायचो आणि तू मशीनवरून मान वर न करता म्हणायचास, “भोंग्या, इथे कापड जास्त झालंय, दुमड.” मी चिडायचो, आणि दुमडायचो.

नेता निवडायच्या त्या सभेत माईक बंद पडला. मी सिस्टरच्या बाजूने बोलत होतो आणि तिसऱ्या रांगेपलीकडे काही जात नव्हतं. तू कपाटाकडच्या लोकांचा झाला होतास. तुला काय गरज होती? नुसता उभा राहिला असतास तरी माझं भाषण तिथेच मेलं असतं. पण तू रुमाल वर केलास. सवयीने केलास की जाणून, हे मी आजवर स्वतःला विचारतो. मी सवयीनेच आवाज चढवला, आणि त्या चढलेल्या आवाजात, तू वर केलेल्या आवाजात, म्हणालो की काही लोक चाळीस वर्षं मागच्या दाराशीच उभे राहतात, कारण तिथून पळायला सोपं जातं. अख्खं सभागृह मान वळवून हसलं. तुझा रुमाल अजून वरच होता. मग तू तो खाली घेतलास, चार घड्या केल्यास, खिशात ठेवलास आणि त्याच दाराने गेलास. सिस्टर सात मतांनी निवडून आली. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. तू दाराशी का उभा राहतोस हे त्या सभागृहात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तोच बोलत होता.

त्यानंतर मी अकरा भाषणं केली. टाळ्या पडतात. पण बोलताना नजर मागच्या दाराकडे जाते आणि तिथे एखादा अनोळखी माणूस फोन बघत उभा असतो. लांबतंय का, कळत नाही. परवा कारखान्याच्या फाटकाशी दीड तास बोललो, कोणी चष्मा पुसला नाही. घरी नवं भाषण तुझ्या वहिनीच्या खुर्चीला ऐकवतो. ती होती तेव्हा निदान मधेच उठून कुकर बंद करायला जायची, आणि तेवढ्यावरून मला कळायचं की हा परिच्छेद पडला. खुर्ची सगळं ऐकून घेते.

आता हे कशासाठी लिहितोय ते सांगतो. तुम्हाला काढण्याचा ठराव मांडायला सिस्टरने मलाच सांगितलं होतं, कारण माझ्या तोंडून आला तर तो पडणार नाही. मी भाषण लिहिलंही. चांगलं झालं होतं. वाचून दाखवायला सवयीने कोट चढवला, निघालो आणि तुझ्या गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर लक्षात आलं की मी कुठे चाललो आहे. तसाच परत फिरलो. काल तिच्या खोलीत जाऊन ते कागद टेबलावर ठेवले आणि म्हटलं, दवाखान्यांसाठी माझा घसा वापर, माणसं काढायला नाही. मी ठरावाच्या विरुद्ध बोलणार. तिने ते कागद एकावर एक नीट लावले. मग म्हणाली, “काका, मग तेरावं नाव तुमचं.” रागाने नाही म्हणाली. औषध किती वाजता घ्यायचं ते सांगावं तसं म्हणाली. तर रविवारी माझं पहिलं वाक्य असं आहे, की मागच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाबद्दल मी या सभागृहात खोटं बोललो होतो. ते शेवटच्या रांगेपर्यंत जायला हवं, नाहीतर म्हटल्यासारखं होणार नाही. नियम वाचून पाहिला, मतं पडेपर्यंत तुम्हाला आत उभं राहता येतं. पुढे कोणी खुर्ची दिली तरी बसू नकोस. कोट न्यायला मी शनिवारी दुपारी स्वतः येईन. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण टेप काढून ठेव. वहिनी गेल्यापासून मी बराच वाळलो आहे, हा कोट आता खांद्यावर थांबत नाही. माप नव्याने घ्यावं लागेल.

तुझाच, पहिल्या क्रमांकाच्या पाठोपाठचा,
भोंगा