वंशावळीत नसलेल्या बाया

सर, आमच्या गावात आता हेळवी येत नाही. सुगी झाली की बैलावर बसून तो यायचा, दारात थांबायचा आणि आमच्या घराण्याच्या पिढ्या सुरात म्हणून दाखवायचा. अमक्याचा तमका, तमक्याचा अमका. सूपभर ज्वारी घेतली की पुढच्या दारी. लहानपणी मला ते सगळं तोंडपाठ होतं आणि त्याचा तोराही होता. तुमच्या वर्गात माझी जी फजिती झाली, ती या पाठांतरामुळेच. बारावीला मेडिकलपुरते मार्क पडले नाहीत म्हणून मी उदगीरला बी.एस्सी.ला आले होते. घरच्यांच्या लेखी ते शिक्षण म्हणजे लग्न होईपर्यंतची बैठक. मामाच्या मुलाशी माझं ठरलेलंच होतं, पाळण्यात असल्यापासून. तुम्ही आनुवंशिकता शिकवत होता. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, दोघांमधली आडवी रेघ म्हणजे लग्न. "आपापल्या घरची वंशावळ काढा," म्हणालात आणि फळ्यापाशी नेमकं मला बोलावलंत. मी खापरपणजोबांपासून दादापर्यंत नुसते चौकोन काढत खाली आले, एका दमात, हेळव्यासारखी.

तुम्ही फळ्याकडे बघता आणि विचारता, "या घरात बाया न्हाईत का? ही सगळी माणसं काय झाडाला लागली व्हती?" वर्ग हसतो. मी म्हणते, हेळवी असंच सांगतो सर. "हेळवी ज्वारी घेऊन जातो. मला बाया पाहिजेत." अपमानानं माझे कान तापले होते, पण खडू हातात होता. मी आजीचा गोल काढला, आईचा काढला. आईच्या वर तिच्या वडिलांचा चौकोन काढला. ते तर आजीचे सख्खे भाऊ, म्हणजे बाबांचे मामा. त्यांची रेघ वर नेली, ती वळून आजीपाशीच येऊन मिळाली. घराबाहेर गेलेली बाई दुसऱ्या दारानं परत घरातच आली होती. मग तुम्ही म्हणालात, कुणाला जन्माचं काही दुखणं असेल तर ते घर खडूनं भरून टाक. मी दादाचा चौकोन भरला. थोडा विचार केला आणि आईच्या वडिलांचाही भरला. तुम्ही डस्टर उचललंत, पण पुसलं मात्र नाही. तास संपल्यावर मला थांबवून एवढंच विचारलंत की तुझं कुठं ठरलंय. मामाकडे, असं सांगितलं तेव्हा तुम्ही वळलात आणि फळा पुसायला लागलात. कोपरेसुद्धा पुसलेत.

तोवर दादाच्या डोळ्यांकडे कुणी दुखणं म्हणून पाहिलंच नव्हतं. दिवसा तो शेतात आमच्या सगळ्यांपेक्षा भरभर निंदायचा. दिवेलागण झाली की मात्र म्हशीची शेपटी धरून घरी यायचा, आणि म्हैस त्याला नेमकी दारात आणून सोडायची. पोरं चिडवायची, तोही हसायचा. आईच्या वडिलांचे डोळे भर तारुण्यात गेले होते, पण मला कळायला लागलं तेव्हा ते म्हातारेच होते, आणि म्हाताऱ्याला दिसत नाही यात कुणाला काय नवल. दादाचं कारण आईला ठाऊक होतं. तो पोटात असताना ग्रहण लागलं होतं आणि विसरून तिनं भाजी चिरली होती. कुणी विचारलं नाही तरी ती हे सांगायची. प्रत्येक ग्रहणाला दिवसभर विळीला हात लावायची नाही, जणू आता तरी फरक पडणार होता.

दिवाळीनंतर एका रविवारी तुम्ही आमच्या घरी आलात. बाबांना वाटलं मी कॉलेजात काही दिवे लावले. त्यांनी बाज झटकली, उसाचं एक कांडं सोलून पुढे ठेवलं. आई आत भाकरी थापत होती आणि मी तव्यापाशी बसून तुमचा शब्द न् शब्द ऐकत होते. दादाचे डोळे आणि नात्यातली लग्नं, तुम्ही सगळं शांतपणे समजावून सांगितलंत. बाबा म्हणाले, "सर, आमच्यात मामा-आत्याच्या पोरांची लग्नं करायची रीतच हाय. घरचं रक्त घरात ऱ्हातंय."

"रक्तासंगं बाकीचंबी घरातच ऱ्हातंय," तुम्ही म्हणालात. "व्हईलच असं मी म्हणत न्हाई. होऊ शकतंय, एवढंच."

भाकरीचा आवाज थांबला. आई पिठाच्या हातानं उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "माझ्या लेकराचे डोळे मी घालवले म्हणा सर, मी ऐकून घेते. माझ्या भावाच्या घरात खोट काढू नका." सर, तुम्ही तिच्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरवायला आला होता. तिनं ते उतरू दिलं नाही. माहेराला बोल लागण्यापेक्षा तिला तो ग्रहणाचा दोष परवडत होता. मला तेव्हा तिचा फार राग आला. आता दया येते, आणि थोडी भीतीही, कारण अशा बाईपुढे कुठलंही शास्त्र काय करणार.

तुम्ही निघालात तेव्हा दिवस मावळला होता. दादा शेपटी धरून फाटकातून आत येत होता. तुम्ही बाजूला सरून त्याला वाट दिलीत, आणि तुम्ही तिथं उभे आहात हे त्याला कळलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात तुम्ही मला तुमची स्टीलची बॅटरी दिलीत, घरून आणलेली, थोडी पोचे आलेली. "भावाला दे. डोळ्याला औषध न्हाई, पायाला तरी ठेच लागू नये." आणि मग म्हणालात, "पदवी झाली की तू नांदेडला जा. विद्यापीठात नाव घाल. पोरगी शिकलाली म्हटलं की लग्न मागं पडतंय. मागं पडलेलं मोडतंय बी."

तसंच झालं. नांदेडला वसतिगृहात पोरी माझ्या बोलण्याला हसायच्या, मी त्यांच्या हसण्याला हसायचे. पुढच्या वर्षी मामांकडून निरोप आला की पोराला किती दिवस ताटकळत ठेवायचं, आणि मी शिक्षण सोडेना म्हणून बाबांनी नाइलाजानं नाही कळवलं. मला सुटल्यासारखं वाटलं. ही बातमी समक्ष सांगावी म्हणून मी उदगीरला यायचं ठरवत होते. त्याच आठवड्यात वर्गातल्या एकीचा फोन आला की सर गेले. मी प्रयोगशाळेत कांद्याच्या मुळाची टोकं रंगवत होते. फोन ठेवला आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, पण पाण्याशिवाय काही दिसेना.

म्हणून पुढचं तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात आईनं भावाला दिलेला शब्द पाळला. मोठी नाही तर नाही, माझी धाकटी बहीण होती की. मला कळलं तशी मी पहिल्या बसनं गावी गेले. चुलीतला कोळसा घेतला आणि अंगणातल्या फरशीवर तिला सगळी वंशावळ काढून दाखवली, बायांसकट. ती उकिडवी बसून नीट बघत होती. मग म्हणाली, "अक्का, तुला जायचं व्हतं, तू गेलीस. मला कुठं जायचंय? मला त्यो आवडतोय." तो माणूस खरंच चांगला आहे, सर. वाईट असता तर निदान भांडता आलं असतं. संध्याकाळी आईनं पाण्याची बादली ओतून फरशी धुतली आणि दुसऱ्या दिवशी तिथंच हळद दळायला जातं मांडलं. तुम्ही एक रेघ पुसलीत, ती शेजारी उमटली. तुम्ही फक्त मला बाहेर काढलंत, आणि माझी रिकामी जागा कुणीतरी भरणार हे आपल्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

मी आता लातूरला एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. डॉक्टर व्हायला आलेली पोरं. मी फळ्यावर गोल आणि चौकोन काढते, दोन घरं भरते, एक रेघ वळवून आणते, आणि माझा खडू खाली यायच्या आत ती उत्तर सांगून मोकळी होतात. हुशार आहेत. आपापल्या घरची वंशावळ काढा, असं मी त्यांना कधी सांगत नाही.

धाकटीला मुलगी आहे, पाच वर्षांची होईल. दादाला आता दिवसाही दिसत नाही. तो फाटकापाशी बसून पावलांच्या आवाजावरून कुठली म्हैस आली ते सांगतो. "मला आता दिवस-रात एकच," म्हणत त्यानं तुमची बॅटरी भाचीला खेळायला देऊन टाकली. परवा धाकटीचा फोन आला. फार खुशीत होती. "अक्का, पोरगी लई गमतीची झालीय. दिवे लागायच्या आधीच तुझ्या सरांची बॅटरी घेऊन बसती. जेवताना सोडत न्हाई, न्हाणीत बी घेऊन जाती. काढून घेतली की जागची हालत न्हाई, नुस्ती रडती." मी विचारलं, अंगणात पडते का गं कुठं. "लेकरं पडतातच की," ती म्हणाली, आणि तिकडून पोरीचा हसण्याचा आवाज आला. ती बॅटरीचा झोत मांजराच्या अंगावर मारत होती म्हणे. मी काय बोलले मला आठवत नाही. बहुधा सेल बदलत जा म्हणाले.

रविवारी तिचा वाढदिवस आहे, आईकडे. इथल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंशी मी बोलून ठेवलंय. पण नेण्याआधी पोरीच्या आईला सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी मला स्वतःच्या डोळ्यांनी एकदा पाहावं लागेल: अंधार पडू द्यायचा, बॅटरी बाजूला ठेवायची आणि अंगणाच्या या टोकाकडून तिला हाक मारायची. एवढंच करायचं आहे, सर. तुम्ही आला असता तर एका संध्याकाळीच उरकलं असतं. मला मात्र आजवर जमलेलं नाही. तिला मी कितीतरी वेळा कडेवर घेतलंय, तिला जेवू घातलंय, तिच्या वेण्या घातल्यात, पण दिवे लागल्यानंतर एकदाही पाहिलेलं नाही. दरवेळी काहीतरी निमित्त काढून मी चारच्या बसनं परत फिरते. या खेपेला मुक्कामाला येते म्हणून मी धाकटीला कबूल केलंय. तिच्यासाठी घेतलेला फ्रॉक पिशवीत आहे, आईसाठी चादर आहे, दादासाठी तंबाखू आहे. माझे रात्रीचे कपडे मी अजून भरलेले नाहीत.