टॉर्किलच्या हातावरचा कोट

बाल्नाक्रेग, लॉख नेस तळ्याचा दक्षिण काठ
ऑक्टोबर १९७४, सोमवार
(काल लिहिणार होते, पण काल रविवार होता)

आदरणीय मर्डीना वन्सं,

धाकट्या भावजयीचा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत की डॉक्टरांनी जिना चढायला बंदी केली आहे, आणि पुढच्याच ओळीत माळ्यावरून लोकर काढून आणल्याचं लिहिलंत. टॉर्किल असता तर म्हणाला असता, "ती पहिल्यापासून आगाऊच." त्याला जाऊन या महिन्यात तीन वर्षं झाली. मी बरी आहे. कोंबड्या बऱ्या आहेत. छप्पर उत्तरेकडून गळतं, पण ते तुमच्या आईच्या वेळेपासून गळतंय, त्यामुळे त्याची तब्येत बिघडली असं म्हणता येत नाही. सकाळची लापशी मी अजून दोघांची करते. हात ऐकत नाही. उरलेली कोंबड्यांना जाते, म्हणून कोंबड्या जरा जास्तच बऱ्या आहेत.

पत्र लांबलं तर रागावू नका. आमच्याकडे एक संशोधक राहून गेले आणि त्यांनी घातलेला गोंधळ पोस्टकार्डात मावणारा नाही. डॉ. थर्लबी त्यांचं नाव, दक्षिणेकडच्या कुठल्याशा विद्यापीठातले. उंच, सभ्य, आणि जेवायला बसताना रबरी बूट काढायचे की नाही याबद्दल शेवटपर्यंत साशंक. आपल्या तळ्यातलं जनावर मुळात कुणी रचलं ते त्यांना शोधून काढायचं होतं. जनावर आहे की नाही हा प्रश्न त्यांनी घरूनच सोडवून आणला होता. आता फक्त गुन्हेगार सापडायचा होता. तुमची माडीवरची खोली मी उन्हाळ्यानंतरही पाहुण्यांना देते (पलंग तोच, मधला खड्डाही तोच), तिथे ते उतरले. सोबत दुर्बीण, बोललेलं टिपून घेणारं यंत्र आणि पुस्तकांची पेटी. वाचायची माझी खोड तुम्हांला माहीत आहे. शाळा लवकर सुटली, पण चर्चच्या जुन्या बाजारात ज्ञानकोशाचे पहिले चार खंड मिळाले होते, ते मी दोनदा वाचलेत. (पुढचे कुणी नेले कोण जाणे. माझं जगाचं ज्ञान एका जागी कड्यासारखं तुटतं.) त्यामुळे थर्लबी फिरायला गेले की त्यांची खोली झाडायला मला अंमळ जास्त वेळ लागायचा. त्यांच्या पुस्तकांत लाकडाचे ओंडके होते, पोहणारी हरणं होती, पाणमांजरं होती, बोटीमागच्या लाटा होत्या. आपल्या गावातलं माणूस मात्र एकाही पानावर नव्हतं.

गावानं त्यांना हवं ते दिलं. पोस्टवाल्या ग्रिझेलनं जनावराला पहिल्या दिवशी एक मान सांगितली, दुसऱ्या दिवशी दोन. मी म्हटलं, "अगं ग्रिझेल, थोडी तरी लाज?" तर म्हणते, "बिचारा एवढ्या लांबून आलाय गं एफी. रिकाम्या हातानं कसा पाठवायचा?" थर्लबींनी दोन्ही माना मुकाट्यानं टिपून घेतल्या आणि सगळ्यांना सोडून माझ्याकडे आले. कारण आपल्या काठावर पहिल्यांदा जनावर पाहिलं ते टॉर्किलनं, आणि ते ज्या तोंडानं सांगितलं गेलं ते तोंड आता बोलणार नव्हतं. उरले मी.

मी सांगितलं. मला पाठ आहे. लग्नाआधी, मी पाद्रीसाहेबांच्या घरी कामाला होते तेव्हा, मागच्या पायरीवर बसून त्यानं मला ते पहिल्यांदा सांगितलं, आणि नंतर दर नव्या वर्षाला, दर पाहुण्याला, चहाची किटली उचलून, शब्द न शब्द तेच. मला कधीकधी वैताग यायचा. मी विणकामाचे टाके मोजत बसायचे. त्याची गोष्ट अशी: जून महिना. वारा नाही. मी काठावर उभा, हातावर कोट. पाण्यात काळं काहीतरी. पुढे पातेल्याएवढं, मागे गवताच्या गंजीएवढं. डावीकडे निघालेलं, घाईत. फूः करून पाणी उडवलं. (ही फूः करताना तो समोरच्याच्या चहात थुंकी उडवायचा.) मी हाक मारली. ते वळलं. एवढ्यात वरच्या रस्त्यावरून चर्चचे फार्कर पंच आले आणि गुडघ्यांवर पडले. मग किटली खाली ठेवायची, आणि म्हणायचं, "काय होतं ते मी सांगणार नाही." कुणी विचारलं की हाक काय मारलीस, तर, "तेही नाही." लोकांना वाटायचं, गोष्ट रंगवायची ही त्याची तऱ्हा. मलाही तसंच वाटायचं. आता मीच ती पाहुण्यांना सांगते. सगळं जमतं, फूः जमत नाही.

दोन दिवसांनी थर्लबी लापशी खाता खाता चमचा खाली ठेवून म्हणाले, "मॅथेसनबाई, तुम्हांला दुखवायचं नाही, पण शुक्रवारी गावच्या सभागृहात माझं भाषण आहे. मला खरं सांगावं लागेल." त्यांनी जुनी वर्तमानपत्रं पाहिली होती आणि तो दिवस रविवार निघाला. (टॉर्किलनं गोष्टीत वार कधीच सांगितला नव्हता. मीही विचारला नव्हता. ज्या घरात शनिवारीच पाणी भरून, बटाटे सोलून, कोंबड्याला टोपलीखाली घालून ठेवतात, त्या घरात रविवारी कुणी तळ्याकाठी असेल हे माझ्या डोक्यातच येणार नव्हतं.) सगळं गाव चर्चमध्ये, आणि टॉर्किल दाढदुखीचं निमित्त करून काठावर. म्हणजे, थर्लबी म्हणाले, तो जमीनदाराचा मासा चोरून धरत होता. वरून चर्चमधले लोक येताना दिसले. घाबरून त्यानं जनावर रचलं. बाहेर ही बातमी माझ्याआधी पोचली. मासे चोरण्याबद्दल कुणी काही म्हटलं नाही, ते तर सगळेच करतात. पण रविवारी, देवाच्या दिवशी! ग्रिझेलनं मला तिकीट देताना नजर चुकवली.

वन्सं, मी दोन दिवस धड जेवले नाही. टॉर्किल खोटं बोलणारा माणूस नव्हता. गाय विकायला नेली की आधी तिच्या लाथेबद्दल सांगायचा, म्हणून आमच्या सगळ्या गायी आमच्याकडेच म्हाताऱ्या झाल्या. लग्नाआधी मी त्याला विचारलं, मी दिसायला कशी आहे, तर त्यानं मला मागेपुढे नीट पाहिलं आणि म्हणाला, "ठीक." त्या 'ठीक'वर मी सगळा संसार केला, कारण ते खरं होतं. अशा माणसानं मला एकच गोष्ट खोटी सांगितली असेल, आणि नेमकी तीच सगळ्यांत जास्त वेळा, तर बाकीच्या 'ठीक'चं मी काय करायचं?

बुधवारी थर्लबींनी प्रयोग केला. चर्चमधलं लांब बाक रस्त्यावर आणून आम्हां सात-आठ जणांना त्यावर ओळीनं बसवलं. स्वतः मेणकापडाचा लांब काळा कोट घालून होडीतून आत गेले. तिथून ते एक काळं पिंप पाण्यात सोडणार आणि आम्ही जे दिसेल ते सांगायचं. पिंप सोडायला ते उभे राहिले. (होडीत उभं राहायचं नसतं हे कुठल्या पुस्तकात नसावं.) पिंप इकडे, होडी तिकडे आणि थर्लबी मधोमध पाण्यात. तसं त्यांना पोहता येत होतं, पण कोटात हवा शिरली आणि तो त्यांच्यामागे असा फुगला की पाण्यावर गवताची गंज उभी राहिली. पुढे पातेल्याएवढं डोकं. डावीकडे निघालेले, घाईत. फूः करून त्यांनी पाणी उडवलं. ग्रिझेलनं माझा दंड धरला आणि किंचाळली, "अगं बाई एफी, जनावर!" बाकावरचे दोघे उठून पळाले. थर्लबी नुकतेच होडीत चढले तेव्हा त्या दोघांनीच त्यांचा हात धरला होता. थर्लबी निथळत वर आले आणि पहिला प्रश्न केला, "पिंप कसं दिसलं?" पिंपाकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

मी घरी आले ती सरळ खुर्चीत बसले, डोक्याचा रुमालही सोडला नाही. पाण्यातलं अंगभर कपडे घातलेलं माणूस म्हणजेच ते जनावर. मग टॉर्किलच्या वेळी पाण्यात कोण? आपल्या गावात पोहता कुणाला येतं? मासेमारी करणारेसुद्धा शिकले नाहीत. बुडायचं तर पटकन बुडावं, असं त्यांचं म्हणणं. समोर शेकोटीवरच्या फळीवर तुम्ही गेल्या नाताळात पाठवलेला फोटो होता. डोक्याला घट्ट काळी टोपी, हातात चषक, पोहण्याच्या शर्यतीत सत्तरीच्या बायकांत पहिल्या. तुमच्या अशा बातम्या तुम्ही आधीही लिहायच्या. मी एकदा टॉर्किलला विचारलं होतं, वन्सं कुठे रे पोहायला शिकल्या? त्यानं शेकोटीत कोळसा घातला (गरज नव्हती) आणि म्हणाला, "ती पहिल्यापासून आगाऊच." मग मला कोट आठवला. ज्या जूनमध्ये वारासुद्धा नव्हता, त्या जूनमध्ये हा माणूस हातावर कोट घेऊन काय करत होता, हे मी इतकी वर्षं किटलीकडे बघत ऐकलं आणि एकदाही विचारलं नाही. कोट त्याचा नव्हताच, वन्सं. कुणीतरी त्याला सांभाळायला दिला होता. आणि तेव्हा आपण सगळ्या घालायचो त्या काळ्या फ्लॅनेलच्या परकरात हवा शिरली की काय होतं, ते थर्लबींच्या कृपेनं मी नुकतंच पाहिलं होतं.

तेव्हा जनावर कुणी रचलं हे मला कळलं. टॉर्किलनं नाही. चर्चमधून आलेल्या त्या सगळ्या भल्या माणसांनी डोकं पाहिलं, हात पाहिले असतील, कदाचित नाकही पाहिलं असेल. पण रविवार होता. रविवारी माणूस पोहत नाही. म्हणजे ते माणूस नव्हे. फार्कर पंचांनी गुडघ्यांवर पडून जनावर म्हटलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. टॉर्किल फक्त गप्प राहिला. त्या शरदात तुम्हांला कॅनडाला जायचं होतं, आणि पाद्रीसाहेबांच्या चांगल्या चालीच्या दाखल्याशिवाय तिकडची नोकरी मिळणार नव्हती. 'सांगणार नाही' हे त्यानं तुम्हांला दिलेलं वचन होतं. आम्ही ते गोष्टीचं शेपूट समजत होतो.

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. थर्लबींनी टॉर्किलचं नाव घेतलं, मासा म्हणाले, रविवार म्हणाले. बाकं करकरली. मी उठले. सभेत उठायची माझी ही पहिलीच वेळ, आवाज कसा निघाला ते माझं मला माहीत नाही. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, हातावर कोट घेऊन गळ टाकलेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय का?" मागून ग्रिझेलचा नवरा ओरडला, "ह्यांना काय विचारतेस, हे तर कोट घालून पिंप टाकतात!" सगळे हसले. थर्लबीही हसले, माणूस खरंच सभ्य आहे. मग शांतपणे म्हणाले, "बरं. मासे धरत नव्हते. मग काय करत होते?" सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. टॉर्किल किटली खाली ठेवायचा तेव्हा त्याच्याकडे वळायच्या तशा. आणि मी म्हटलं, "काय करत होता ते मी सांगणार नाही." अख्ख्या गावानं खुशीनं पाय आपटले, वन्सं. खिडक्या थरथरल्या. सगळ्यांना वाटलं, एफीनं टॉर्किलची गोष्ट पुढे चालवली. मी घरी येऊन पोटभर जेवले. तेही दोघांचं.

गावात सर्वांचा तुम्हांला नमस्कार.

तुमची,
एफी

ता. क. टोपीचं माप कळवा. फोटोतली पोहायची टोपी उबेची दिसत नाही, लोकरीची विणून पाठवते.

ता. क. २. थर्लबींना आता टॉर्किलच्या जवळच्या नातेवाइकांना भेटायचं आहे, आणि ग्रिझेलनं तुमचा पत्ता देऊन टाकला (बिचारा, रिकाम्या हातानं कसा पाठवायचा). ते उन्हाळ्यात तिकडे येतील. चषक फडताळात ठेवा. त्यांना तळ्याजवळ फिरायला नेऊ नका आणि होडीत तर मुळीच नको.

ता. क. ३. वरचं सगळं वाचून काही कबूल करायची गरज नाही. मी काही विचारत नाही, आणि माझा अंदाज चुकला असेल तर तो तसाच चुकलेला राहू दे. फक्त एक हवं आहे, त्यासाठीच हे एवढं पत्र. टॉर्किलच्या तोंडची सगळी वाक्यं मला पाठ आहेत. घरात काम करता करता ती मी एकेक करून ऐकत असते, आणि सगळी झाली की पुन्हा पहिल्यापासून. एकच माझ्याकडे नाही. त्या दिवशी काठावर, हातावर तो कोट घेऊन, त्यानं तुम्हांला काय हाक मारली? शिवी असली तरी जशीच्या तशी लिहा.