चादरी : गाठोडं एक

शुक्रवार पेठ, सोलापूर
१४ मे १९७४

प्रिय आक्का,

तुझं कार्ड मिळालं. आठ ओळींत चादरींचा उल्लेख तीनदा. जळाल्या त्या कोण भरून देणार, दाजींचं लग्नातलं स्पीकरचं काम बुडालं ते कोण निस्तरणार, आणि भाऊ ट्रान्सपोर्टात कारकून असून उपयोग काय, असं विचारतेस. सिदूची चौकशी एका शब्दानं नाही. वाचून डोकंच फिरलं माझं.

अगं, मागे नातेपुत्याला आलो होतो तेव्हा दाजींना समोर बसवून नियम सांगितला होता. ॲसिड भरलेली बॅटरी म्हणजे धोक्याचा माल. ती लाकडी खोक्यात उभी हवी, टोपणं घट्ट, दोन्ही टोकांवर रबर, बाहेर लाल चिठ्ठी आणि वरची बाजू कुठली ते दाखवणारा बाण. कापडाशेजारी, धान्याशेजारी ठेवायची नाही. असला माल आमच्याकडून फक्त मंगळवारी, वेगळ्या गाडीनं जातो. दाजी म्हणाले, "एवढा थाट तर नवरीचाबी नसतो की!" मीही हसलो, मूर्खासारखा.

मग त्या शुक्रवारी दाजी इथे बॅटरी चार्ज करून ऑफिसात आले. रविवारी तिकडे लग्न, मंगळवारपर्यंत थांबतो कोण? धक्का लागू नये म्हणून चार नव्या चादरींत गुंडाळून वर गाठ मारली होती. पावतीवर पडलं : चादरी, गाठोडं एक.

सिदू आमचा हमाल. बारा वर्षांत त्याच्या हातून बॅटरीचा थेंब सांडला नाही. लाल चिठ्ठीचं खोकं तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून नेतो. पण कापडाचं गाठोडं कुणी पोटाशी धरतं का? त्यानं उचललं आणि उलटंच डोक्यावर घेतलं. ॲसिड झिरपून तोंडावर ओघळलं. उजवा डोळा गेला, आक्का. वर मालक म्हणतात, हमालाचा हलगर्जीपणा, आणि त्याला कामावरून काढलं. दवाखान्यात गेलो तर दोन्ही डोळ्यांवर पट्टी; आवाजावरून ओळखून म्हणाला, "सायेब, तुमीच वाचून दावलं न्हवं, कापडं हायती म्हनून? म्हनून डोस्क्यावर घेतलं की. माजं काय चुकलं?" मला तिथं उभं राहवेना.

कार्डाच्या कडेला तू बारीक अक्षरात लिहिलंस, घरातली गोष्ट घरात ठेव. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, म्हणून आठ दिवस ठेवली. पण मला आता तुझाही राग येतो, दाजींचाही, आणि सगळ्यात जास्त माझा.

कारण दाजींनी मला फसवलेलं नाही. गाठोडं काट्यावर ठेवताना ते कानाशी म्हणाले होते, "ज्ञानबा, आत बॅटरी हाय, तेवढं संबाळून घे." चादरी हा शब्द माझ्याच हातानं लिहिलेला आहे. आज सकाळी हे सगळं मालकांना लेखी दिलं, दाजींच्या नावासकट. तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. माझी नोकरी जाईल, दाजींना बोलावणं येईल, आणि भाऊबीजेला तू मला दारात उभं करशील की नाही, कोण जाणे. मालकांनी विचारलं, हमालाला माहीत होतं का? मी म्हटलं, त्या गाठोड्याला तिघांचे हात लागले, त्यात फक्त त्यालाच माहीत नव्हतं.

तुझाच,
ज्ञानबा